रमजानमध्ये सुटते, ईदनंतर परत का लागते?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलावलं तेव्हा विषय सांगितला होता 'तरुण आणि व्यसन'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की मी नऊ वर्षं दारू प्यायलो आणि गेली साडेचार वर्षं पीत नाही.

आत्ता हे वाक्य ऐकून मागच्या रांगेतल्या दोन-तीन ओळखीच्या लोकांनी खाली पाहिलं. त्यांचा दोष नाही. तोंडी तलाकबद्दल माईकवरून बोलायला आपण शिकलो, पोटगीबद्दल शिकलो, मुलींच्या शिक्षणाबद्दल तर आता मौलवीसुद्धा बोलतात. दारूबद्दल मात्र आपण बोलत नाही, कारण मुसलमानाच्या घरात दारू नसतेच असं आपण धरून चाललोय. हराम आहे, विषय संपला. बस्तीत काम करणाऱ्या आपल्या भगिनींना विचारा, मारझोडीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या किती बायका शेवटी खाली बघत 'पीते हैं' एवढंच बोलतात.

दुसरे लोकही असंच धरून चालतात. एकदा कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझे लिव्हरचे आकडे वाढलेले आले. डॉक्टर फॉर्म भरत होते. सिगारेट विचारली, तंबाखू विचारला, मग माझं नाव पाहिलं आणि दारूच्या रकान्यात न विचारताच 'नाही' लिहिलं. मीही गप्प बसलो. त्यांनी फॅटी लिव्हर सांगितलं, तूप कमी करा म्हणाले. घरी अम्मीने सहा महिने माझ्या ताटातलं तूप बंद केलं. ती बिचारी बिर्याणीसुद्धा माझ्यासाठी वेगळी करायची. आणि मी रात्री गाडीत बसून प्यायचो.

गाडीत, हे मुद्दाम सांगतो. दारू सोडण्याबद्दल कुठेही वाचा, पहिला सल्ला असतो की घरातल्या बाटल्या फेकून द्या. माझ्या घरात फेकायला काही नव्हतंच. आमचं घर तीन पिढ्या कोरडं. माझी बाटली डिकीत, स्टेपनीच्या खाली जुन्या टॉवेलमध्ये. सोबत बडीशेप, वेलची, एक अत्तराची कुपी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करून, मोबाइल कानाला लावून बसायचं, म्हणजे वॉचमनला वाटावं साहेब कॉलवर आहेत. कोरड्या घराने माझी दारू थांबवली नाही, तिला लपण्याची जागा शोधायला लावली. आणि लपून पिणारा माणूस पटापट पितो, एकटा पितो, त्याला 'आता बास' म्हणणारं शेजारी कुणी नसतं.

आता रमजानकडे येतो.

पिण्याच्या त्या नऊ वर्षांत मी एकाही रमजानमध्ये प्यायलो नाही. एक थेंब नाही. याचा मला फार अभिमान होता. मनाशी म्हणायचो, बघ, महिनाभर सोडू शकतो, म्हणजे मी व्यसनी नाही. लगाम माझ्या हातात आहे. मग चाँदरात व्हायची, ईद व्हायची, आणि बासी ईदला किंवा फार तर त्याच आठवड्यात मी परत पार्किंगमध्ये. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी भावाचं, मामूचं, नवऱ्याचं असंच चालू असणार, कारण मला नंतर भेटलेल्या प्रत्येक मुसलमान दारुड्याने हीच गोष्ट सांगितली.

का होतं असं? श्रद्धाळू माणूस म्हणेल, रमजानची बरकत. त्यावर मी वाद घालत नाही. पण इंजिनिअर म्हणून मी एक साधा प्रश्न विचारला: त्या महिन्यात माझ्या आजूबाजूला नेमकं काय काय बदलतं? कागदावर लिहून काढलं. मी रोज प्यायचो ते संध्याकाळी साडेसात ते नऊ. रमजानमध्ये त्या वेळेच्या आधीच मी घरी असतो, कारण इफ्तार चुकवता येत नाही. पोट रिकामं असतं तेव्हाच समोर खजूर, फळं, भजी, सरबत येतं. भूक आणि तलफ यांची गल्लत होत नाही. मग मगरिब. जरा पडलं की इशा आणि तरावीह, म्हणजे साडेनऊ-दहापर्यंत मी चारचौघांत. सहरीला उठायचं म्हणून लवकर झोप. ऑफिसातल्या मित्रांना ठाऊक असतं की याचा रोजा आहे, म्हणून शुक्रवारी कुणी 'चल' म्हणत नाही. आणि घरापासून बाजारापर्यंत सगळी वस्ती एकाच वेळापत्रकावर असते.

ज्याला मी माझा निग्रह समजत होतो तो हा सगळा तंबू होता. ईद झाली की तंबू उतरवायचे, आणि मी साडेसात वाजता त्याच रस्त्यावर, रिकाम्या पोटी, एकटा.

असंच काहीसं अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घ्यायला लागले. १९७१ मध्ये परतणाऱ्या सैनिकांची तपासणी सुरू झाली आणि ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा मायदेशात पाठपुरावा केला. तिथे साधारण पाचातला एक जण स्वतःला व्यसनी म्हणत होता. सगळ्यांना धास्ती होती की ही फौज घरी येऊन सुया टोचत बसणार. प्रत्यक्षात व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते सुमारे पाच टक्के. जागा बदलली, सोबत बदलली, दिवसाचा क्रम बदलला. यावरून दारूही अशीच सुटेल असं मी म्हणत नाही. त्या सैनिकांना विमानात बसून दुसऱ्या जगात जाता आलं. आपण ज्या रस्त्यावर पितो त्याच रस्त्यावर आपल्याला राहायचं असतं. म्हणून जग बदलणं शक्य नसेल तर रस्ता तरी बदलायचा.

रस्ता म्हणजे अक्षरशः रस्ता. सोडायचं ठरवलं तेव्हा मी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं. दारूचे बहुतेक पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे तारीख, वेळ, दुकान सगळं हजर. लपवण्यात मी स्वतःला फार हुशार समजत होतो आणि हिशेब बँक लिहून ठेवत होती. बघितलं तर जवळपास सगळी खरेदी दोनच दुकानांतली, आणि दोन्ही दुकानं घरी येताना डाव्या हाताला. त्याच रस्त्यावर तिसरं वाईन शॉप आहे, मोठं, स्वस्त, पण उजव्या हाताला, दुभाजकापलीकडे. तिथे जायला पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. त्या दुकानात मी एकदाही गेलो नव्हतो. (कायद्याने महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९ चा कायदा आहे. तो मला कुठल्याच दुकानात कुणी विचारला नाही, ते वेगळं.)

त्या रात्री मी बराच वेळ त्या एक्सेल शीटकडे बघत बसलो. दोजखची भीती, अम्मीचे अश्रू, बायकोचं दोन-दोन महिने न बोलणं, यातलं काहीच मला अडवू शकलं नव्हतं. एका यू-टर्नने अडवलं होतं. याची लाज वाटली, आणि जरा आशाही वाटली. मला अडवायला एवढंसं पुरत असेल तर असे यू-टर्न मीच बांधू शकतो.

पुढचं सांगण्याआधी एक इशारा देतो, कारण याने जीव जातो. जो माणूस रोज, भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, ज्याला घोट घेतल्याशिवाय स्थिर वाटत नाही, त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, माणूस नसलेल्या गोष्टी पाहतो, अंगाला घाम, ताप, छाती धडधडते. आमच्या नात्यातल्या एका चाचांनी पहिल्या रोज्याला बंद केली. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. घरात सगळे म्हणाले असर झालाय. आमिलला बोलावलं, पाणी फुंकलं, ताबीज बांधला. वरच्या मजल्यावरची एक नर्स बाई सहज डोकावली आणि तिने रिक्षा बोलावली म्हणून चाचा आज आहेत. चार दिवस आयसीयूत होते. यावर औषधं आहेत. सरकारी रुग्णालयातला डॉक्टरसुद्धा ती देऊ शकतो, सोबत ब-१ जीवनसत्त्व देतात. त्यासाठी खरं सांगावं लागतं, एवढंच. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे. लिहून घ्या, स्वतःसाठी नसेल तर शेजाऱ्यासाठी.

दुसरं म्हणजे, बायकांना विनंती आहे की त्याला न सांगता जेवणात गोळी मिसळू नका. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही रेल्वेतून पाहिल्या असतील. डायसल्फिराम नावाचं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, माणसाच्या संमतीने त्याचा उपयोग होतो. गुपचूप दिलं तर जिवावर बेतू शकतं.

माझं पिणं आठवड्यातून चार-पाच संध्याकाळचं होतं. मी डॉक्टरला, दुसऱ्या डॉक्टरला, यावेळी स्वतःहून सगळं सांगितलं. पहिला आठवडा झोप लागत नव्हती, घाम यायचा, पण निभावलं.

मग यू-टर्न बांधायला घेतले. सगळ्यात आधी गाडी गेली. विकली नाही, बायकोला दिली. ती तिच्या शाळेत घेऊन जायला लागली आणि मी ऑफिसच्या बसने. बस वाईन शॉपसमोर थांबत नाही. डिकीतला टॉवेल तिनेच काढला, धुतला आणि काही न बोलता पोछ्याला लावला. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पगार संयुक्त खात्यात वळवला. यूपीआय एका छोट्या खात्याला जोडलं, त्यात आठवड्याचे मोजके पैसे. मित्र हसले, म्हणाले तुला पॉकेटमनी मिळतो. मिळतो, काय बिघडलं?

साडेसात वाजताच्या वेळेचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. तिथे रमजानकडूनच उसनं घेतलं. मी वर्षभर इफ्तार सुरू ठेवला, म्हणजे रोजा नाही, पण सात वाजता खायचंच. ऑफिसच्या बॅगेत खजूर आणि दाणे. बसमध्येच खायचे. नुसत्या भुकेला मी किती वर्षं तलफ समजत होतो याचं मलाच आश्चर्य वाटलं. साडेआठला कुठेतरी हजर राहणं भाग पडेल असं काहीतरी हवं होतं. मशिदीत मला तेव्हा जावंसं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू. आमच्या गल्लीत दहावीच्या मुलांची मोफत शिकवणी चालते, तिथे गणित घ्यायला लागलो. मुलं वाट बघत असतात. एखाद्या दिवशी गेलो नाही तर त्यांतला एक घरी येऊन बेल वाजवतो. तरावीहइतकाच पक्का बंदोबस्त.

पार्ट्यांबद्दल तरुण मुलं नेहमी विचारतात. आयटीत दारूला नाही म्हटलं तर नोकरीवर परिणाम होतो का? होत नाही. कुणाच्या लक्षातही राहत नाही, फक्त पहिली वीस मिनिटं कठीण असतात. मी वाक्य आधीच ठरवून ठेवलं होतं: कुणी ग्लास पुढे केला की मी म्हणणार 'माझं बंद आहे', आणि लगेच सोडा मागणार. तिथल्या तिथे कारण शोधायला गेलो की मी हरायचो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'असं झालं तर मी तसं करणार' अशा आधी ठरवलेल्या वाक्यांवर बरंच काम केलंय. त्याचं म्हणणं असं की नुसत्या संकल्पापेक्षा हे जास्त टिकतं. माझा अनुभव तसाच आहे. बाकी, दारू पिणाऱ्याच्या गाडीतून पार्टीला जायचं नाही, नाहीतर परतीची वेळ त्याच्या हातात जाते. टीममधल्या एकाला तरी खरं सांगून ठेवायचं. पहिल्या वर्षी ऑफिसची गोव्याची सहल मी सरळ चुकवली. दुसऱ्या वर्षी गेलो, पण ज्याला माहीत होतं त्याच्याच खोलीत राहिलो.

तलफ यायचीच. ती लाटेसारखी चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उतरते. मला आधी वाटायचं ती चढतच जाणार, म्हणून मी लगेच हार मानायचो. कधी उतरेपर्यंत थांबलोच नव्हतो.

आता घसरलो ते सांगतो. आठव्या महिन्यात, चुलतभावाच्या लग्नात. वलीम्याच्या रात्री हॉलच्या मागे एक गाडी उभी होती, डिकी उघडी, चार-पाच भाऊबंद, प्लॅस्टिकचे ग्लास. तेच दृश्य, तोच वास, बडीशेपसुद्धा तीच. मी प्यायलो. आणि पहिल्या घोटाबरोबर जो विचार आला तो दारूपेक्षा वाईट होता: गेले आठ महिने पाण्यात, आता काय उरलंय, पी. ॲलन मार्लॅट नावाच्या संशोधकाने लिहून ठेवलंय की माणूस एका चुकीने जेवढा बुडत नाही तेवढा 'आता सगळं संपलं' या समजुतीने बुडतो. आपल्याकडे ही समजूत अधिक घट्ट आहे, कारण दारू आपल्याकडे गुन्हाही आहे आणि गुनाहही. एकदा गुनहगार झालोच तर हिशेब कशाला ठेवायचा?

मला त्या रात्री दादी आठवली. लहानपणी माझा रोजा दुपारी तुटला की मी रडायचो, तेव्हा ती म्हणायची, एकाची कजा कर, म्हणून कुणी पूर्ण रमजान सोडत नाही. मी हॉलच्या पायरीवर बसून बायकोला मेसेज केला, 'दोन ग्लास प्यायलो, मला घेऊन जा.' ती दागिने घातलेली, मेंदी लावलेली, वलीम्यातून उठून आली. आम्ही रिक्षाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी सात वाजता खजूर खाल्ले आणि साडेआठला शिकवणीला गेलो.

हे शक्य झालं कारण तिला माहीत होतं. सगळ्यांत मोठा यू-टर्न हाच होता. पार्किंग, टॉवेल, अत्तर, कानाला लावलेला मोबाइल, हे सगळं मिळून माझा दारूचा अड्डा होता, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मोडत नव्हता. बायकोला सांगितलं, मग एका मित्राला, मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केलेली ही गोष्ट आज आपल्या शहरांतही चालते, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. मी गेलो ती बैठक चर्चच्या हॉलमध्ये होती. दारात पाच मिनिटं घुटमळलो. आत एक साहेब मला बघून म्हणाले, 'आ जाओ मियाँ, तीसरी कुर्सी खाली है, पहले दो पर भी अपने ही हैं.' पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. जिथे भरती होण्याची गरज आहे तिथे ते करावं, त्यात कमीपणा नाही.

अब्बांना सांगायला दोन वर्षं लागली. ते ऐकून घेऊन बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, 'तो वो घी?' मी म्हटलं, 'जी अब्बा.' ते आत गेले आणि अम्मीला म्हणाले, 'उसकी रोटी पे घी लगाओ.'

आपल्या चळवळीकडून मला एक साधी गोष्ट हवी आहे. गावोगावच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात, दुकान बंद पाडतात, ते मोठं काम आहे. आपल्या वस्तीत निदान एवढं व्हावं की ईदनंतरच्या पहिल्या आठवड्यात, मगरिबनंतर, आपलं कार्यालय उघडं असावं. चहा असावा, कॅरम असावा, भाषण नको. पोरं रमजानभर सुटलेली असतात आणि त्याच आठवड्यात परत जातात. यावर्षी मी सात दिवस किल्ली घेऊन बसायला तयार आहे. अजून दोन-तीन जण लागतील.

प्रश्न असतील तर विचारा. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर चहाच्या वेळी मी बाहेर, चपला काढल्यात तिथे, उभा असेन.